मावशीचं कुंकू कोर्टात

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढं जे काही वाचलं ते पुड्यांच्या कागदांवर, मग मुलांच्या पुस्तकांत, मग वाचनालयात. पण एक गोष्ट मी वाचून नाही शिकले. ती शिकले अदालत रोडवरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, मावशीच्या शेजारी फरशीवर बसून. एखादी गोष्ट घडली असं म्हणायला पुरावा किती लागतो, आणि कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचं, याचं मला जे वेड लागलं ते तिथंच. अजून सुटलेलं नाही. घरात सगळे हसतात. हसू द्या.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, आम्ही आधी एका राज्यात, मग दुसऱ्या राज्यात, शेवटी महाराष्ट्रात आलो. कोर्टातली उर्दू गेली होती, तरी वकिलांच्या तोंडातली गेली नव्हती. मी लग्न होऊन औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होते. मावशी दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी. तारीख असली की सकाळच्या मोटारीनं यायची, माझ्याकडं भाकरी खायची आणि आम्ही दोघी कोर्टात जायचो. तिला परक्या पुरुषांसमोर बोलायची सवय नव्हती. मला होती असं नाही, पण मला तोंड आवरायची सवय नव्हती.

भांडण काय होतं ते आधी सांगते. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, बैलांचा व्यापार करायचे. बैलाच्या पाठीवर हात ठेवला की चाल सांगायचे, अशी त्यांची ख्याती. एका दिवाळीनंतर ते बाजाराला म्हणून निघाले आणि परत आलेच नाहीत. भांडण नाही, कटकट नाही, घरातून काही नेलं नाही. दिरानं चार बाजार पालथे घातले. कुणी म्हणालं नदीला अवकाळी पूर होता, कुणी म्हणालं वाटेत काही झालं असेल. सापडलं काहीच नाही, माणूसही नाही आणि मातीही नाही.

दोघा भावांची वाटणी आधीच झालेली होती. काकांच्या वाट्याला विहिरीजवळचा मळा आणि सीताफळाची झाडं. मावशीला मूलबाळ नाही. "दादा येईपर्यंत मी बघतो," म्हणून दिरानं मळा कसायला घेतला. येईपर्यंत, येईपर्यंत करता करता मावशी आपल्याच मळ्यात रोजानं सीताफळं तोडायला जाऊ लागली. नवीन कायद्यानं विधवेला नवऱ्याची जमीन मिळते असं तिला कुणीतरी सांगितलं. ती दिराकडं गेली. दीर म्हणाला, "वहिनी, विधवेला मिळते. तुम्ही कुठं विधवा हायात? दादा जिता हाय."

म्हणजे काका जिवंत आहेत तोपर्यंत मळा दिराच्या हाती. मेले, तर मळा मावशीचा. अशी ती केस होती. मावशीला मळा हवा होता, पण काका मेलेले नको होते.

आमचे वकील म्हातारे होते, निजामाच्या अमलात उर्दूतून वकिली शिकलेले. डोक्यावर काळी टोपी, खिशात सुपारी. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला समजावलं.

"बाई, यजमान वारले हे आपल्याला सिद्ध करायचं नाही."

"मंग वो?"

"माणूस बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की कायदा उलटा फिरतो, आणि तुमच्या यजमानांना जाऊन त्याहून जास्त झाली. ज्यांना त्या माणसाची खबर साहजिक लागली असती, त्यांना सात वर्षांत लागली नाही, एवढंच आपण दाखवायचं. त्यापुढं, तो जिवंत आहे असं जो म्हणतो त्यानं दाखवावं. बारे-सबूत त्याच्यावर."

"बारे-सबूत म्हणजे?" मी विचारलं.

"पुराव्याचं ओझं. इतके दिवस तुमच्या मावशीच्या डोक्यावर होतं, आता दिराच्या."

मला हे लई आवडलं. ओझं कुणी उचलायचं हे आधी ठरवायचं, खरंखोटं मागून. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग डाळीत मीठ जास्त पडलं हे मी सिद्ध करायचं, की पडलं नाही हे तू?"

दुसऱ्या तारखेला मी वकिलांना परत गाठलं. त्या दिवशी शेजारच्या दालनात एक खुनाचा आरोपी सुटला होता, आणि व्हरांड्यात सगळे म्हणत होते की केला त्यानंच असणार, पण शंका राहिली म्हणून सुटला.

"वकीलसाहेब, आपल्यातही शंका आहेच की. मग दीर नाही का सुटणार?"

"ती फौजदारी. तिथं माणसाची मान अडकलेली असते, म्हणून रास्त शंका उरली की सोडतात. ही दिवाणी. इथं दोन पारडी. जे जरा खाली गेलं ते खरं."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा."

"म्हणजे माझे काका जिवंत असण्यापेक्षा थोडेसेच जास्त मेलेले असले, तरी चालेल?"

वकिलांनी सुपारी कातरायची थांबवली. मावशीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "जीभ हाय का काय हाय तुला!" पण वकील हसले आणि म्हणाले, "चालेल. पण कोर्टात असं म्हणू नका."

मला मात्र ते रात्रंदिवस छळायला लागलं. मान म्हणून तिकडं इतकी काळजी, मग मावशीचं कपाळ काही नाही का? खून झाला की नाही हे ठरवताना काट्यावर काटा बघायचा, आणि एका बाईला विधवा ठरवताना पारडं जरा हललं की झालं? पुढं मी स्वतःलाच उत्तर दिलं, की दोन्ही बाजूंना नुकसान सारखंच असेल तर आणखी करणार काय? मळा कुणाला तरी द्यावाच लागणार. शंका राहिली म्हणून मळा काही मधल्यामध्ये हवेत ठेवता येत नाही. पण तेव्हा हे सुचलं नव्हतं.

दिराच्या बाजूनं एक साक्षीदार आला. त्यांच्याच गावचा, बांगड्यांचा धंदा करणारा. तो म्हणाला, दोन वर्षांमागं खुलताबादच्या उरुसात मी त्यांना पाहिलं. पाठमोरे होते, पण चालायची ढब तीच, एक खांदा पडलेला. मी हाक मारली, ते वळले, पण तोंड धड दिसायच्या आत गर्दीत गेले.

मावशीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. आनंद झाला होता तिला. केस बुडत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "खांदा पडलेलाच हाय त्यांचा. डावा."

"मावशी, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मला काय इचारतीस," म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

त्या संध्याकाळी आम्ही शहागंजात भाजी घ्यायला गेलो. माझ्या डोक्यात तो उरूसच फिरत होता. पुढं एक माणूस चालला होता, पाठमोरा, आमच्या ह्यांच्यासारखाच, तसाच पांढरा सदरा, तसाच हात हलवत. मी बेधडक हाक मारली, "अहो!" तो वळला. त्याच्या अलीकडचा वळला. पलीकडचा कोथिंबीरवालाही वळला. एक म्हातारेबुवा तर चार पावलं परत आले आणि म्हणाले, "काय गं?"

मावशी इतकी हसली की तिला फुटपाथावर बसावं लागलं. "सारा बाजार तुजाच नवरा की गं!"

पण मी हसत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वकिलांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "हाक मारल्यावर वळणं हा मुद्दा मी घेणारच होतो," ते म्हणाले, "पण तुमचा शहागंज माझ्यापेक्षा बरा आहे." मग उलटतपासात त्यांनी बांगडीवाल्याला विचारलं,

"हाक काय म्हणून मारली?"

"दाजी म्हणून."

"नाव नाही घेतलं?"

"वडील माणूस. नाव कसं घेणार साहेब?"

"मग दाजी म्हटल्यावर एकटेच वळले?"

तो बिचारा सरळ माणूस होता. "नाय जी. चौघं-पाच जण वळले. उरूसच तो."

सगळं कोर्ट हसलं, तोही हसला. खोटं बोलत नव्हता तो. त्यानं कुणीतरी पाहिलाच होता. पण जे काका असतानाही घडतं आणि काका नसतानाही घडतं, त्यावरून काका होते हे कसं कळणार? याचा माझ्या डोक्यात त्या दिवशी लख्ख उजेड पडला. पुराव्याचं वजन तो किती ठासून सांगितला यावर नसतं. उलट झालं असतं तरी हे दिसलंच असतं का, हे आधी विचारायचं.

मग संक्रांत आली, आणि मावशीनं ती चूक केली.

चूक म्हणावं का, ते तुम्हीच ठरवा. काका गेल्यापासून मावशीचं मधल्यामध्ये झालं होतं. ती कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची. पण हळदीकुंकवाला काही बायका तिला बोलावत, काही टाळत. बोलावलं तरी ती दाराजवळ बसे. धाकटी जाऊ तर वर्षानुवर्षं बोलावत नव्हती. त्या वर्षी मात्र ती स्वतः आली. "अक्का, या बरं का. तुमच्याबिगर शोभा नाय."

मावशीनं पेटीतलं इरकल लुगडं काढलं. अंबाड्यात फूल माळलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर जावेनं तिला पाटावर बसवलं, तिळगूळ दिला, फणीचं वाण दिलं, गव्हांनी ओटी भरली आणि म्हणाली, "नाव घ्या की अक्का." आणि मावशीनं घेतलं. इतक्या वर्षांनी मोठ्यानं, सगळ्यांसमोर, काकांचं नाव घेतलं. माझ्याकडं आली तेव्हा ती फणी मला दाखवत होती.

पुढच्या तारखेला दिराच्या वकिलांनी ती जाऊ आणि दोन शेजारणी उभ्या केल्या.

"वादी कुंकू लावतात?" "लावत्यात." "संक्रांतीला सवाष्णीचं वाण घेतलं?" "घेतलं." "नवऱ्याचं नाव घेतलं?" "घेतलं, चांगलं यमक लावून."

आणि ते वकील न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, ज्या बाईला स्वतःलाच नवरा हयात वाटतो, तिला कोर्टानं विधवा का करावं?

मी जावेकडं बघत होते. ती खाली बघत होती. मावशीनं व्हरांड्यात आल्यावर एकच विचारलं, "म्हंजी तिनं मला त्याच्यासाठी बोलावलं व्हतं?" मी गप्प बसले. माझ्याकडून तेवढं एकदाच झालं.

आमचे वकील अस्वस्थ झाले होते. म्हणाले, "बाई, मी सांगतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या तारखेला तुमची साक्ष आहे. कुंकू न लावता या."

मावशी लगेच म्हणाली, "नाय."

"मळा जाईल."

"आज पुसून आले तर काल लावलं व्हतं ते खोटं व्हतं, असं नाय का म्हणणार ते?"

वकिलांनी टोपी काढून टक्कल खाजवलं. "म्हणतील. तेही खरंच."

साक्षीच्या दिवशी ती आली ती नेहमीसारखी, कपाळावर आडवी चिरी. पिंजऱ्यात उभी राहून तिनं पदर सारखा केला. दिराच्या वकिलांनी कुंकवाचंच विचारलं, ती "लावते" एवढंच म्हणाली. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. पुण्याकडचे असावेत, बोलणं स्वच्छ होतं.

"बाई, तुमचे यजमान हयात आहेत असं तुम्हाला वाटतं का?"

मावशी म्हणाली, "साहेब, आधी एकदा ते असेच गेले व्हते. भजनी मंडळाबरोबर. वर्षभर आले नाय."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. हे त्यांनी लपवायला सांगितलं नव्हतं, पण आपणहून सांगायलाही सांगितलं नव्हतं.

"आणि परत आले?"

"आले की. पण त्या टायमाला दर बाजाराला निरोप यायचा. कधी गाडीवान यायचा, कधी मेंढपाळ. मी जेवलो, मी बरा हाय, खिलारी जोडी इकू नको, असं कायबाय. त्यांना निरोप धाडल्याबिगर झोप येत नसे. आता एक नाय."

"बरं."

"आन् त्यांची आई गेली गेल्या साली. साऱ्या सोयऱ्यांच्या गावात कळलं. बाजारात कळलं. आई आई करायचे साहेब ते. जिते असते तर मातीला आले असते."

"मग कुंकू का लावता?"

"पुसू कुणाच्या सांगण्यावरनं? मला कुणी येऊन सांगितलं नाय. दीर म्हणतो, दादा जिता हाय. मी पुसलं तर त्याला खोटं पाडल्यावानी व्हईल."

दिराच्या वकिलांना कसनुसं हसू आलं आणि ते बसले. दीर मात्र पहिल्यांदा वहिनीकडं बघत होता.

त्या दोन गोष्टींचा मी नंतर खूप विचार केला. काका आधी एकदा गेले आणि आले, ही गोष्ट दिराच्या पारड्यात पडायला हवी होती, कारण ज्याला जायची सवय आहे तो गेला म्हणजे मेला असं नाही. पण मावशीनं त्याला निरोप जोडले आणि तीच गोष्ट पारड्यातून उचलून आपल्याकडं ठेवली. जायची सवय असलेल्या माणसाला निरोपाचीही सवय होती, मग निरोप का थांबले? एकच गोष्ट अर्धी सांगितली तर इकडं, पूर्ण सांगितली तर तिकडं. तिनं ती हुशारीनं सांगितली असं मला नाही वाटत. तिला फक्त काकांबद्दल बोलायचं होतं.

निकाल इंग्रजीत होता. वकिलांनी आम्हाला वडाखाली बसवून मराठीत सांगितला. मळा मावशीचा. बांगडीवाल्याचं म्हणणं प्रामाणिक, पण वजनाला हलकं. निरोप बंद होणं आणि आईच्या अंत्यविधीला न येणं, हे जड, कारण जिवंत मुलगा सहसा येतो.

"आणि कुंकू?" मी विचारलं.

"त्याला साहेबांनी काहीच वजन दिलं नाही. म्हणाले, नवरा असो वा नसो, खबर आल्याशिवाय ही बाई कुंकू लावणारच होती. मग कुंकवावरून नवऱ्याचं काय कळणार?"

मावशी ऐकत होती. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मंग कोर्टानं त्यांना मेले म्हणलं का नाय?"

"तसं बघितलं तर नाही. जिवंत आहेत हे दिराला दाखवता आलं नाही, एवढंच म्हटलं. मळ्याच्या वादापुरतं ते वारले असं धरायचं."

"मळ्यापुरतं."

"हो. उद्या परत आले तर कायदा काही त्यांना हाकलणार नाही."

मावशीनं मान डोलावली. वकील जरा घुटमळले आणि म्हणाले, "आता कुंकवाचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर कोर्टाचा हुकूम नाही." ती उठली, लुगड्याची धूळ झटकली. "जमिनीपुरते गेलेत ना? मंग कपाळापुरते ऱ्हाऊ द्या."

फेरफाराला मी तिच्याबरोबर गेले. चावडीत तलाठी नवा होता. काकांच्या नावाला कंस करून त्यानं शेजारी मयत असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. त्या शब्दाशी आला, वर बघितलं, मावशीच्या कपाळाकडं नजर गेली आणि तो वाचायचा थांबला. बाहेर उभा असलेला दीरही दाराशी आला होता. आत येऊ का नको, असं त्याचं चाललं होतं.

मावशी तलाठ्याला म्हणाली, "ते एक सोडा भाऊ. फुडलं वाचा."

तलाठ्यानं पुढचं वाचलं. पुढं तिचं नाव होतं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग दिराकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादाची गोफण तुमच्याकडं हाय. ती संध्याकाळी आणून द्या. सीताफळावर पोपट लई बसायलेत."

दीर म्हणाला, "आणतो, वहिनी."